आमच्या आंब्याच्या साइटवर जपानी बूट! साफ केले तरी परत येतात

देवगडची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही दहा गोष्टी उलट विचारणार, म्हणून सगळंच लिहिते.

आमची देवगड तालुक्यात हापूसची साडेचारशे कलमं आहेत. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा. २०२० च्या एप्रिलमध्ये मार्केट कधी चालू, कधी बंद, आणि घरात आढी घातलेल्या पेट्या पिकून चालल्या होत्या. तेव्हा माझ्या भाच्याने दोन रात्री जागून वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, साइट करून दिली. पानं मोजून सहा: घर, बागेचे फोटो, दर, ऑर्डरचा फॉर्म, 'आंबा आढीतून कधी काढायचा' आणि संपर्क. पैसे भरायला आमचा क्यूआर आणि बँकेचा खाते क्रमांक दिलाय. त्या साइटवर आता हंगामाला तीनेकशे पेट्या जातात. म्हणजे आमच्या दृष्टीने ती साइट नाही, दुकानच आहे.

गेल्याच्या गेल्या मंगळवारी पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकांचा फोन आला, "वहिनी, आंबा सोडून बूट विकायला लागलात काय?" मी लगेच साइट उघडून बघितली. सगळं जागच्या जागी. म्हटलं, यांच्याच फोनात काहीतरी असेल. मग त्यांनी फोटो पाठवला. गुगलवर आमच्या बागेचं नाव, आणि त्याच्याखाली जपानी अक्षरं, बूट आणि घड्याळं, किमती येनमध्ये! मुलीने सांगितलं म्हणून मीही मोबाइलवर गुगलमधून शोधून तिथून क्लिक केलं, तर थेट कुठल्यातरी दुकानात गेले. पत्ता हाताने टाइप केला की मात्र आमचीच साइट, आमचेच आंबे.

होस्टिंगवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमची साइट ठेवलीय त्यांना, फोन केला. ते म्हणाले, तुमच्या बाजूचा प्रश्न आहे, सफाईचं पॅकेज घ्या. भाच्याने रविवारी दोन विचित्र फाइली काढल्या, पासवर्ड बदलला, सुरक्षेचं एक प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकलं. दोन दिवस बरं होतं, तिसऱ्या दिवशी बूट परत. त्याने पुन्हा साफ केलं, पुन्हा आले. आता तिसऱ्यांदा त्याला सांगायची मला लाज वाटते, त्याचंही ऑफिस आहे.

सासऱ्यांचं मत ठाम आहे: "वाडीतल्याच कोणीतरी केल्यान."

मला तीन गोष्टी सांगा. आमच्यासारख्यांच्या वाटेला कोण कशाला जाईल? साफ केल्यावर परत कसं येतं? आणि साइट बंद करून नुसत्या व्हॉट्सॲपवर हंगाम काढू का? आज १२ एप्रिल, खरी तोड आत्ताच सुरू झालीय.

गडबड्या

एसएसएल लावा. पत्त्याशेजारी कुलूप आलं की साइट सुरक्षित. फुकट मिळतं.

देवगडची सून

कुलूप आहे हो. पहिल्यापासून आहे. बूट कुलपासकटच दिसतात.

रात्रपाळीवाला

ताई, मी सात वर्षं एका होस्टिंग कंपनीच्या सपोर्टला रात्रपाळी केली. तुमच्यासारखे फोन मला पहाटे तीनला यायचे, त्यामुळे हे दुखणं तोंडपाठ आहे.

कुलपाचं आधी संपवतो. ते फक्त एवढंच सांगतं की गिऱ्हाईक आणि साइट यांच्यामधलं पाकीट वाटेत कोणी फोडत नाही. पाकीट ज्या घरात जातं तिथे कोण बसलंय, हे कुलपाला ठाऊक नसतं. असलं पाहिजेच, पण या रोगावर ते औषध नाही.

पण त्याच्याही आधी, हे वाचता वाचता उठा आणि साइटवरचा क्यूआर आणि खाते क्रमांक स्वतःच्या पासबुकाशी ताडून बघा. क्यूआर दुसऱ्या फोनने स्कॅन करा आणि कोणाचं नाव येतं ते वाचा. मोबाइल डेटावरून, गुगलमार्गे येऊन, असं दोन्हीकडून बघा. जो फाइल लिहू शकतो तो चित्रही बदलू शकतो. बूट ही बदनामी झाली. क्यूआर बदलला तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि शिव्या तुम्हाला पडतात. तसं झालंच असेल तर ज्याचे पैसे गेले त्याला लगेच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करायला सांगा.

बघून आलात? आता तुमचा पहिला प्रश्न. वाडीतल्या कोणालाही दोष देऊ नका. बागेत वानर येतं तेव्हा त्याला सातबारा कोणाच्या नावावर आहे ते माहीत असतं का? ते एकेक झाड हलवून बघतं. इथेही एखादा प्रोग्रॅम दिवसरात्र लाखो पत्त्यांची दारं ढकलत असतो, लागलं ते लागलं. त्याला तुमचा आंबा नको, तुमचं नाव हवंय. पाच वर्षं प्रामाणिक चाललेल्या साइटला गुगलमध्ये थोडी पत असते. त्या भरवशावर हजारो खोटी पानं लावायची आणि नकली ब्रँडच्या मालाच्या दुकानांकडे माणसं वळवायची, हा धंदा आहे. हा प्रकार इतका जुना आहे की गुगलच्या मदत-पानांवर त्याला स्वतंत्र नावच आहे, 'जपानी कीवर्ड हॅक'.

तुम्हाला का दिसत नाही? घुसवलेली फाइल आधी विचारते, "आलेला कोण?" गुगलचा रोबोट असेल तर त्याला जपानी पान. गुगलवरून क्लिक करून आलेला असेल तर त्याला दुकानाकडे पिटाळायचं. थेट पत्ता टाकून आलेला असेल तर तो बहुतेक मालकच, त्याला आंबे दाखवायचे. मालकाला जितके दिवस कळणार नाही तितके दिवस धंदा चालतो. म्हणून गुगलच्या खोक्यात 'साइट' हा शब्द रोमन लिपीत, मग कोलनचं चिन्ह, आणि जागा न सोडता तुमचा पत्ता टाका. सहा पानांची साइट किती पानांची झालीय ते कळेल. बसून बघा.

दुसरा प्रश्न, परत कसं येतं. भाच्याने जे काढलं ते फळ होतं, मूळ नव्हे. मूळ कुठेही असू शकतं. यादीत न दिसणारा एखादा ॲडमिन वापरकर्ता, दर तासाला तीच फाइल पुन्हा लिहिणारं एखादं वेळापत्रक, थीमच्या, म्हणजे साइटच्या रंगरूपाच्या साच्याच्या, फंक्शन्स फाइलमध्ये डकवलेल्या चार ओळी. पण सात वर्षांत मी जे सगळ्यात जास्त पाहिलं ते यातलं काहीच नाही. ते म्हणजे शेजारची दुसरी साइट. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन 'पब्लिक एचटीएमएल' फोल्डर उघडा, लपलेल्या फाइली दिसतील असं सेटिंग करा, आणि आत जी फोल्डरं आहेत त्यांची नुसती नावं इथे लिहा. पासवर्ड, खाते क्रमांक काहीही नको.

देवगडची सून

क्यूआर आमचाच आहे, तीन फोनवरून बघितला. खाते क्रमांकही बरोबर. पाच मिनिटं छातीत धडधडत होतं.

तुम्ही म्हणालात तसं शोधलं. सहा पानांची अकरा हजारांच्या वर झालीत. आमच्याकडे एवढे आंबेही येत नाहीत.

फोल्डरं अशी आहेत: डब्ल्यूपी-ॲडमिन, डब्ल्यूपी-कंटेंट, डब्ल्यूपी-इन्क्लूड्स, सीजीआय-बिन, न्यू, न्यू२, दिवाळी.

'न्यू२' पत्त्यापुढे लावून बघितलं तर आमचीच साइट उघडली, पण २०२० चे दर असलेली! आणि 'दिवाळी' म्हणजे माझ्या जाऊबाईंचा फराळ. २०२१ ला एक दिवाळी केला, मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि राहिलं ते राहिलं. ते पान अजून चालू आहे हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. चकलीचा दर बघून सगळे हसलो.

रात्रपाळीवाला

हसून घ्या, कारण तिथेच आहे ते.

ताई, तुम्ही घराला चिरेबंदी गडगा घातला, पुढच्या बेड्याला कुलूप लावलं, राखणीला गुरखाही ठेवला. आणि मागे पडका मांगर (शेतघर) आहे, त्याला दारच नाही, आणि मांगरातून सरळ माजघरात जाता येतं. एकाच होस्टिंग खात्यातल्या साइट्सचं असंच असतं. पत्ते वेगळे दिसले तरी सर्व्हरच्या दृष्टीने सगळ्या फाइली एकाच मालकाच्या. 'न्यू२'मध्ये घुसलेला प्रोग्रॅम मुख्य साइटच्या फाइली खुशाल लिहू शकतो. भाचा पडवी झाडतोय आणि कचरा मांगरातून येतोय.

वर्डप्रेसचं मूळ २०१३ पासून छोट्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप घेतं, त्यामुळे तिथे थोडंफार निभावलं असेल. प्लगिन आणि थीमचं तसं नाही. ती आपोआप अद्ययावत करायची सोय डॅशबोर्डमध्ये आली ऑगस्ट २०२० मध्ये, आणि तीही कोणीतरी चालू करावी लागते. 'न्यू२'सारख्या चाचणीच्या फोल्डरात जाऊन ती कोण चालू करणार? त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला 'फाइल मॅनेजर' नावाच्या प्लगिनमध्ये भोक सापडलं होतं. सात लाखांहून जास्त साइट्सवर ते होतं, आणि पासवर्डशिवाय कोणीही त्यातून फाइल चढवू शकत होता. दुरुस्ती लगेच आली. पण ज्यांनी दुरुस्ती घेतली नाही त्यांच्या साइटवर ते भोक आजही तसंच आहे, आणि वानर आजही तीच फांदी हलवून बघतं.

एक गोष्ट लोकांना पटत नाही. प्लगिन 'बंद' केलं म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं. बंद केलं तरी त्याच्या फाइली सर्व्हरवर असतातच, आणि बाहेरून त्या फाइलीचं नाव घेऊन हाक मारता येते. नको असेल तर पुसून टाकायचं.

भाच्याला एक विचारा, आणि रागावू नका. 'न्यू२'ची थीम विकत घेतली होती की कुठून 'फुकट' उतरवली होती? पैशाची थीम फुकट वाटणारे दानशूर नसतात. आत त्यांच्या ओळी घालूनच देतात.

आता सफाई. भाच्यासोबत एका बैठकीत करा, तुकड्यातुकड्यांनी नको.

आधी सगळ्याची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवा, पुरावा म्हणून आणि चुकून काही पुसलं गेलं तर म्हणून. मग न्यू, न्यू२ आणि दिवाळी ही तिन्ही जुनी फोल्डरं आणि त्यांचे डेटाबेस (मजकूर आणि वापरकर्ते साठवणारे तक्ते) पुसा. मुख्य साइटचं डब्ल्यूपी-ॲडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स पूर्ण काढून त्याच आवृत्तीचं ताजं वर्डप्रेस टाका. प्लगिन आणि थीमही पुसून मूळ ठिकाणाहून नव्याने घ्या. उरतं ते अपलोड्स फोल्डर. तिथे तुमचे फोटो असतात. फोटोंच्या मधे पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम, असण्याचं काही कारणच नाही, दिसली की चोर समजा. तारखेवर मात्र विसंबू नका, फाइलची तारीख खोटी घालता येते. मग वापरकर्त्यांचा तक्ता थेट डेटाबेसमध्ये जाऊन बघा, डॅशबोर्डवरची यादी पुरेशी नाही.

सगळं झाल्यावर पासवर्ड, आधी नाही. होस्टिंगचा, एफटीपीचा (फाइली चढवायच्या वाटेचा), डेटाबेसचा, ॲडमिनचा. आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या बदला, म्हणजे आत लॉगइन होऊन बसलेला प्रत्येकजण एका झटक्यात बाहेर फेकला जातो. हे बहुतेक लोक विसरतात. एकाचा पासवर्ड बदललेला असतो, आणि चोर दुसऱ्याच ॲडमिनच्या जुन्या लॉगइनवर आरामात बसलेला असतो.

भाच्याचा लॅपटॉपही तपासा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारे प्रोग्रॅम क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येतात. ते तिथे असेल तर नवा पासवर्डही संध्याकाळपर्यंत गेलेला असेल.

ठाणेकर वाचक

मी एका छोट्या वाचनालयाची साइट सांभाळते, पगार शून्य. रात्रपाळीवाल्यांनी बॅकअपबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडेही हेच झालं होतं, फक्त बुटांऐवजी औषधं होती. आम्ही खुशीत होतो की बॅकअप आहे. महिन्यापूर्वीचा चढवला. साइट परत आली आणि औषधंही परत आली. नंतर कळलं की चोर तीन महिन्यांपासून आत होता, फक्त गप्प होता. आणि सगळे बॅकअप त्याच होस्टिंगवर, त्याच खात्यात. घराची किल्ली घराच्याच कपाटात ठेवल्यासारखं.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक प्रत पेनड्राइव्हवर काढते, तारीख लिहून ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात टाकते आणि वर्षभराच्या बारा ठेवते. दिवाळीच्या सुट्टीत त्यातली एक घरच्या संगणकावर उघडून बघते, खरंच साइट उभी राहते का. पहिल्यांदा बघितलं तेव्हा राहिली नव्हती. फाइली होत्या, डेटाबेसच घ्यायचा राहिला होता.

मिश्किल म्हातारा

मला एक कळत नाही. सहा पानं, त्यातला बदलतो फक्त दर, तोही वर्षातून चारदा. त्यासाठी डेटाबेस, लॉगइन, थीम, प्लगिनं, आणि त्या सगळ्यांची राखण करायला आणखी एक प्लगिन? साधी एचटीएमएलची पानं करा. ज्या घराला दारच नाही त्याचं कुलूप कोण तोडणार?

रात्रपाळीवाला

काका बरोबर बोलतायत, आणि मीच हे आधी सांगायला हवं होतं. सवयीने दुरुस्तीकडे धावलो.

ताई, हंगामात सफाई करून वेळ मारून न्या. पावसाळ्यात साधी पानं करून घ्या. ऑर्डरच्या फॉर्मऐवजी व्हॉट्सॲपवर जाणारं बटण ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर साइटवर साठणारही नाहीत. मग राखायला दोनच गोष्टी उरतात, होस्टिंगचं खातं आणि डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं, खातं. दोन्हीला दुहेरी पडताळणी लावा.

डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे? हे आत्ताच विचारून ठेवा. साइट गेली तर आठवड्यात उभी करता येते, पण डोमेन गेलं तर नावच गेलं.

साइट बंद मात्र करू नका. बंद केली तरी गुगलमधली अकरा हजार पानं लगेच जात नाहीत, आणि तुमचं खरं पान तेवढं गायब होतं.

देवगडची सून

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. मधे तोड, पॅकिंग आणि एक अवकाळी, श्वास घ्यायला वेळ नव्हता.

भाचा पुढच्या शनिवारी आला. थीमचं विचारलं तर कानाच्या पाळ्या लाल. "मावशी, तेव्हा मी सेकंड इयरला होतो." नाही रागावले. त्या दोन रात्री त्याने जागवल्या नसत्या तर २०२० चा आंबा उकिरड्यावर गेला असता.

'न्यू२'च्या अपलोड्समध्ये मोहोराच्या फोटोंमध्ये नऊ पीएचपी फाइली होत्या. एकीचं नाव मुद्दाम फोटोसारखं ठेवलेलं. मुख्य साइटच्या डेटाबेसमध्ये एक ॲडमिन सापडला जो डॅशबोर्डवर दिसतच नव्हता. आणि गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गुगलमध्ये आपली साइट कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या ठिकाणी, आमच्या साइटचे 'मालक' दोन! एक भाचा, दुसरा कोण देव जाणे. त्याच्या पडताळणीची फाइल आमच्याच फोल्डरात बसलेली. ती आधी पुसली, मग त्याला काढला. नुसतं काढलं असतं तर फाइलीच्या जोरावर तो परत मालक झाला असता, असं भाचा म्हणाला.

तीनही मांगर पाडले. जाऊबाईंना विचारून पाडला हो, त्यांनी चकलीच्या पानाचा फोटो काढून ठेवला.

रात्रपाळीवाले, डोमेनचं विचारलंत ते फार बरं केलंत. भाच्याच्या कॉलेजच्या ईमेलवर होतं, आणि तो ईमेल कॉलेजने बंद करून वर्ष झालं होतं! नूतनीकरणाच्या सूचना त्याच पत्त्यावर जात होत्या. ऑगस्टमध्ये मुदत संपणार होती. ओळखपत्र वगैरे पाठवून आता माझ्या नावावर घेतलंय, त्याला नऊ दिवस लागले.

बूट आलेले नाहीत. पण गुगलमध्ये अजून चारेक हजार जपानी पानं दिसतात. क्लिक केलं तर 'पान सापडत नाही' येतं. ती हाताने काढावी लागतात का?

सासऱ्यांना वानराचं उदाहरण सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वानराक बूट कित्याक व्हये?"

रात्रपाळीवाला

हाताने काढू नका, चार हजार कोण काढत बसणार. 'पान सापडत नाही' हेच बरोबर उत्तर आहे. गुगलचा रोबोट एकेक पान परत बघेल आणि गाळत जाईल, काही महिने लागतात. कन्सोलमधलं काढून टाकायचं साधन साधारण सहा महिन्यांपुरतंच पान लपवतं, आणि रोबोटला दारातच अडवलंत तर पान गेलंय हे त्याला कळणारच नाही. तेव्हा अडवू नका. सुरक्षेच्या पानावर लाल इशारा असेल तर मात्र फेरतपासणीची विनंती टाका, काय काय काढलं ते दोन ओळीत लिहा.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

गडबड्या

माझं एसएसएल फुकट गेलं. असो. आंबा आहे का अजून? दोन डझन हवे होते.

देवगडची सून

हापूस संपत आला, उरलेला आता कॅनिंगला जाईल. दोन डझन काढून ठेवते. आंबापोळी मात्र भरपूर आहे, दर साइटवर आहेत. आणि पत्ता टाइप करू नका, गुगलवरूनच या. बूट दिसले तर लगेच कळवा.